खांद्यावरचा वेताळ

वयात येणाऱ्या मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, याविषयी आपल्याकडील पालकांची मते पिढ्यानपिढ्या फारशी बदललेली नाहीत. पुस्तक स्वच्छ असावे, त्यात सज्जन सुखी व्हावेत, दुर्जनांना शासन व्हावे आणि वाचून झाल्यावर मुलाने दिवा मालवून निर्धास्त झोपी जावे, एवढी त्यांची माफक अपेक्षा असते. ती गैर आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या एका पुस्तकाने माझ्या बऱ्यावाईटाच्या कल्पना घडविल्या, ते या कसोटीला मुळीच उतरणारे नाही, कारण त्याचा आरंभ कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात होतो, त्याचा नायक आरंभापासून अखेरपर्यंत एक प्रेत खांद्यावर वाहत असतो, त्यातला भगव्या वस्त्रांतला साधुपुरुष घातकी निघतो आणि ज्याच्या पहिल्या हास्याने आपल्या अंगावर काटा येतो तो पिशाचच अखेर राजाचा एकमेव स्नेही ठरतो. वेताळपंचविशी हे बालवाङ्मय की प्रौढांचे, याचा निवाडा पंडितांनी खुशाल करावा; मला ती कुमारवयातील वाचकाची कादंबरीच वाटत आली आहे.

माझे बालपण वेल्ह्याकडे, तोरण्याच्या सावलीत गेले. सरकारने २०२४ साली या तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला आणि तो यथायोग्यही आहे, पण आमच्या पिढीच्या तोंडचे वेल्हे काही जात नाही. आमच्या गावच्या शिवेवर, ओढ्याच्या अलीकडे, एका जुनाट करंजाखाली शेंदूर फासलेला एक ओबडधोबड धोंडा होता आणि त्याच्याभोवती लहान लहान दगडांचे कडे होते. मधला धोंडा तो वेताळ आणि भोवतालचे दगड ते त्याचे गण, असे समजत. त्याला देऊळ नव्हते, छप्पर नव्हते, मूर्तीचे नाकडोळेसुद्धा नव्हते. तथापि आवणी सुरू होण्यापूर्वी पहिला नारळ त्याच्यापुढे फुटे, गुरे आजारी पडली की त्याला कौल लावीत, आणि अमावास्येच्या रात्री डोंगराच्या अंगाला दिवे हलताना दिसले की म्हातारी माणसे ‘पालखी निघाली’ असे म्हणून पोरांना घरात ओढीत. गडावर मेंगाईच्या देवळात रात्रीचा मुक्काम करू नये, तिथे ब्रह्मपिशाच फिरते, ही समजूत तर आजही डोंगर चढणाऱ्या शहरी मंडळींपर्यंत पोहोचलेली आहे.

या वातावरणात माझ्या आत्याने मला विक्रम राजाची कथा प्रथम सांगितली. ती निरक्षर होती. पावसाळ्यात चुलीत ओली लाकडे धुमसत असत, ओसरीवर भिजलेली इरली उभी करून ठेवलेली असत, आणि ती भाकऱ्या थापता थापता कथा चालवी. तिचा राजा आमच्याच खोऱ्यातला असल्याप्रमाणे घोंगडी पांघरून निघे, त्याला वाटेत आमचाच ओढा लागे आणि प्रेत लटकलेले झाड म्हणजे अर्थातच शिवेवरचा करंज असे. मला भीती वाटते असे मी म्हटले, की ती तवा उतरवून म्हणे, “वेताळ वंगाळ न्हाई रं बाळा. राखणदार हाय त्यो. पर त्याला खोटं खपत न्हाई.” भय आणि विश्वास एकाच दैवताविषयी एकाच वेळी बाळगता येतात, हे मला पुढे कोणत्याही धर्मग्रंथातून शिकावे लागले नाही.

पुढे शिक्षणासाठी मी भोरला आलो. त्या काळी वेल्ह्याकडची आम्ही पोरे भोरला खोली करून राहत असू आणि घरचा डबा एस.टी.ने येई. फडक्यात बांधलेल्या त्या डब्यातली भाकरी नसरापूर-कापूरव्होळ करीत पोहोचेपर्यंत वाकडी झालेली असे आणि आमटी निम्मी फडक्यात उतरलेली असे. संस्थान १९४८ साली विलीन झालेले होते, पण पंतसचिवांचा राजवाडा, कचेरीतली जुनी माणसे आणि त्यांच्या बोलण्यातले हुकूम, सनद, नजराणा हे शब्द अद्याप जागचे हललेले नव्हते. १९५२ साली मराठीतून निघू लागलेला ‘चांदोबा’ तिथे माझ्या हाती पडला. तेलुगूतील ‘चंदामामा’चे हे मराठी भावंड मद्रासहून येई, आणि त्यातली वेताळकथा वाचण्यासाठी आमच्या खोलीत अक्षरशः ओढाताण होई.

शंकर या चित्रकाराने काढलेले त्या कथेचे शीर्षचित्र ज्याने एकदा पाहिले तो ते विसरणे शक्य नाही. राजाच्या एका हातात उपसलेली तलवार आहे. खांद्यावरून लोंबणाऱ्या प्रेताचे पांढरे केस मोकळे सुटले आहेत. भोवती कवट्या पडल्या आहेत आणि वठलेल्या झाडाच्या फांद्या पुढे झुकल्या आहेत. परंतु कंदिलाच्या उजेडात ते चित्र न्याहाळताना माझे लक्ष वेधले जाई ते राजाच्या चेहऱ्याकडे. त्या चेहऱ्यावर भय नाही आणि शौर्याचा आविर्भावही नाही. तो ऐकतो आहे. कान मागच्या ओझ्याकडे आणि डोळे पुढच्या वाटेकडे, अशी ती मुद्रा मला आजही मानवी नीतीचे सर्वांत यथार्थ चित्र वाटते. हे शंकर २०२० साली अतिवृद्धापकाळी निवर्तले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर ज्या तुटपुंज्या ओळी खर्चिल्या त्यांच्या दसपट जागा त्याच आठवड्यात कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मिळाली असेल.

माझा खोलीसोबती कारीच्या बाजूचा होता. स्वभावाने तो वाकडा, बोलण्यात तोडून टाकणारा, आणि मैत्रीचे गोडवे गाणाऱ्या माणसाला कधीही आवडू नये असा. चांदोबातील कथा वाचून झाली की पुस्तक पालथे घालून, राजाचे उत्तर न पाहता, आपापले उत्तर द्यायचे, असा त्याने शिरस्ता पाडला होता. मदनसेनेची कथा मला स्मरते. लग्नापूर्वी एका तरुणाला तिने भेटीचे वचन दिलेले असते. लग्नाच्या रात्री ती ते नवऱ्याला सांगते व तो तिला जाऊ देतो. वाटेत चोर गाठतो आणि तिची हकिगत ऐकून तोही तिला जाऊ देतो. शेवटी ज्याला वचन दिले तो तरुणही तिला परत पाठवितो. यांत खरा उदार कोण? मी नवऱ्याच्या बाजूने होतो. विक्रम राजा चोराच्या बाजूने निघाला, कारण नवऱ्याला इभ्रतीचा आणि तरुणाला राजदंडाचा विचार होता, परंतु अंधारात एकट्या भेटलेल्या दागिन्यांनी मढलेल्या स्त्रीला सोडून देताना चोराला कशाचाही धाक नव्हता. सोबत्याने अर्थातच चोर म्हटले होते, आणि त्याचा विजयी चेहरा मला कित्येक दिवस सहन करावा लागला.

परंतु त्याचे खरे सामर्थ्य निराळ्याच एका प्रश्नात दिसले. नीरेच्या काठी बसलो असता त्याने मला विचारले, “अरे, उत्तर ठाऊक असून गप्प बसला तर राजाच्या डोक्याची शकलं होणार; तोंड उघडलं तर मौन मोडलं म्हणून प्रेत झाडाकडं परत जाणार. मग हा शहाणा मुद्दाम चुकीचं उत्तर का देत नाही?” प्रथमदर्शनी हा पोरकट तर्क वाटेल, वेताळ फसला नसता आणि प्रेतही झाडावर परत गेलेच असते, असे त्याला तिथल्या तिथे उत्तर देता येईल. तथापि चोवीस कथा ऐकून, चोवीस फेऱ्या घालून, रात्र सरत आली असता एकदाही राजाला खोटे बोलण्याचा नुसता मोहसुद्धा होऊ नये, इकडे ग्रंथकाराने वाचकाचे लक्ष कोठेही वेधलेले नाही. राजाची नीती उपदेशाच्या वाक्यात सांगितलेली नाही. ती त्याला न सुचलेल्या गोष्टीत आहे. आणि त्या नीतीची किंमतही लहान नाही, कारण दर वेळी खरे बोलताच त्या रात्रीचा उभा खटाटोप फुकट जातो व स्मशानाच्या त्या टोकापासून वाट पुन्हा तुडवावी लागते.

कारीकडचा माणूस मैत्रीविषयी बोलू लागला की कारीच्याच देशमुखांवर, कान्होजी जेध्यांवर, यायचाच. अफझलखान चालून आला तेव्हा, १६५९ च्या जून महिन्यात, खानाला सामील होण्याविषयी आदिलशाही फर्मान कान्होजींना आले. ते घेऊन ते आपल्या पाच पुत्रांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. हे सारे शाळेत शिकवितात. पण त्यांच्याच रोहिडखोऱ्यातील उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले, प्रतापगडानंतर भयभीत होऊन लपले, आणि त्यांच्यासाठी रदबदली केली ती याच कान्होजींनी. महाराजांनी भिडेखातर जीवदान दिले; पुढे खोपडे समोर आले तेव्हा मात्र त्यांचा उजवा हात आणि डावा पाय तोडविला. कान्होजींना दुःख झाले. तेव्हा जिवे मारणार नाही हा तुम्हाला दिलेला शब्द मी पाळला आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले, असे सांगतात. हा प्रसंग एखाद्या काळ्याकुट्ट कादंबरीत घातला तर परीक्षक तो अतिरंजित म्हणतील. आम्ही दोघे त्यावर वर्षानुवर्षे भांडलो. ज्याने स्वतः वतन सोडले त्याला, वतनासाठी फिरलेल्या सोयऱ्याधायऱ्याकरिता शब्द टाकण्याचा अधिकार होता काय? माझे म्हणणे, तो अधिकार त्यालाच होता. सोबत्याचे म्हणणे असे, की मित्राच्या शब्दाचा आडोसा करून न्याय अर्धा झाला, आणि अर्धा न्याय पुऱ्या न्यायापेक्षा क्रूर निघाला. वेताळाने हा प्रश्न विक्रमाला घातला असता तर प्रेत झाडाकडे गेले असते की स्मशानात पोहोचले असते, याविषयी आमचा निर्णय आजतागायत झालेला नाही.

पुण्यास महाविद्यालयात आल्यावर मला या कथेचे घराणे कळले आणि एक अनपेक्षित आनंद झाला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या कथा गुंफल्या, त्यांतला राजा उज्जयिनीचा विक्रमादित्य नसून गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, त्रिविक्रमसेन आहे. ज्या गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’वरून हा सागर भरला, त्याचाही संबंध परंपरा सातवाहनांच्या दरबाराशीच जोडते. म्हणजे माझ्या आत्याने राजाला घोंगडी पांघरविली, यात तिने घेतलेले स्वातंत्र्य वाटते तेवढे मोठे नव्हते! मराठी छापील पुस्तकांच्या पहाटेच ही कथा अवतरली, हेही तसेच अर्थपूर्ण आहे. सदाशिव काशीनाथ, म्हणजे बापू, छत्रे यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ लिहून मराठी मुलांना सद्वर्तनाचे धडे दिले आणि १८३० साली त्याच लेखणीने ‘वेताळपंचविशी’ लिहिली. पहिल्यातली मुले सदैव हात धुतलेली आणि आज्ञाधारक. दुसऱ्यात कवट्या, चिता आणि तरवारी. छत्र्यांना यात काही विसंगती वाटली असेल असे मला वाटत नाही. ‘बाळमित्र’ मी नंतर वाचले आणि आदरपूर्वक ठेवून दिले.

अद्भुताच्या याच वाटेवर मला नाथमाधवांचे ‘वीरधवल’ भेटले. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीने मराठी कुमारांच्या दोन पिढ्यांची झोप उडविली. तिच्या गुणदोषांविषयी मी येथे लिहीत नाही. परंतु तिचा कर्ता द्वारकानाथ माधव पितळे हा तरुण १९०५ साली आमच्या शेजारच्या सिंहगडावर शिकारीस गेला असता कड्यावरून कोसळला, कमरेखाली कायमचा पंगू झाला, आणि ज्याला पुन्हा डोंगर चढता येणार नव्हता त्याने बिछान्यावरून भुयारे, किल्ले व घोडदौडी लिहिल्या, ही गोष्ट मी तोरण्याच्या वाटेवर असताना विसरू शकत नाही.

नंतर मी नोकरीत लागलो. १९६१ च्या १२ जुलैला वेल्ह्याकडचे पानशेत धरण फुटले, तेव्हा धरणाखालच्या पुण्याचा हाहाकार साऱ्या देशाने पाहिला; पण धरणांसाठी ज्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली त्या वरच्या गावांचे दुःख पंचनामे, फेरफार आणि याद्या यांच्या रूपाने आमच्यासारख्या कारकुनांच्या दप्तरात बंद होते. एका कचेरीत, ती कोणती हे सांगण्याचे प्रयोजन नाही, मी अशा याद्या लिहीत असता एका वरिष्ठांनी एका कुळाचे नाव वगळून दुसरे घालण्याची तोंडी सूचना मला दिली. गृहस्थ मोठे धार्मिक. कपाळी गंध, मुखी नामस्मरण, आणि रोज सकाळी प्रत्येक मेजावर प्रसादाचे एक फळ. कथेतील क्षांतिशील नावाचा भिक्षू राजाला दहा वर्षे रोज एक फळ आणून देत असतो आणि प्रत्येक फळात एक रत्न दडविलेले असते, हे ज्याने कुमारवयात वाचले आहे त्याला रोजच्या फुकट फळाविषयी जी एक सावधगिरी येते ती मला तेव्हा उपयोगी पडली. तशातच माझा जुना सोबती, तो तोवर शिक्षक झाला होता, रात्री खोलीवर आला. त्याने मला सल्ला दिला नाही की धीरही दिला नाही. त्याने हकिगत ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, “ते कूळ उद्या पाण्याच्या काठाला उभं राहिलं, तर त्याला उत्तर कोण देणार? तू की साहेब?” यादीवर मी मूळ कागदांशी मेळ बसत नसल्याचा शेरा मारला. कुळाचे नाव राहिले. माझी मात्र पावसाळा संपण्यापूर्वीच दूरच्या तालुक्याला बदली झाली. वळकटी एस.टी.च्या टपावर चढवायला तो आला होता. “चला, पुन्हा झाडाकडं,” असे म्हणून तो हसला, आणि गाडी सुटण्याची वाट न पाहता निघून गेला.

दूरदर्शनवर १९८५ साली रामानंद सागरांनी हीच कथा आणली, तेव्हा घरोघरी मुले एकमेकांना पाठीवर घेऊन वेताळ-वेताळ खेळू लागली. त्या वेताळाचे हसणे मला फार आणि विचारणे कमी वाटले. त्यापेक्षा नातीने आणून दिलेल्या ‘हॅरी पॉटर’ने माझे अधिक समाधान केले, हे ऐकून माझ्या वयाची मंडळी भुवया उंचावतील. १९९७ साली विलायतेत निघालेल्या त्या मालिकेच्या पहिल्याच भागात, बोलताना अडखळणारा, दीनवाणा, डोक्याला फेटा गुंडाळलेला क्विरल हा शिक्षक निरुपद्रवी वाटतो आणि त्याच फेट्याआड, मस्तकाच्या मागल्या बाजूला, खऱ्या दुष्टाचे तोंड दडलेले असते. उलट ज्या कडवट स्नेप मास्तरांचा हॅरीला मनस्वी तिटकारा येतो, तोच त्याचा जीव वाचवीत असतो. हा तर आमचा भिक्षू आणि हा आमचा वेताळ! पण त्याहूनही मला नेव्हिल नावाचा तो लठ्ठ, विसराळू मुलगा आवडला. तिघे मित्र रात्री नियम मोडून बाहेर पडत असता हा वाट अडवून उभा राहतो, त्यांच्याच मंत्राने ताठ होऊन पडतो, आणि वर्षाअखेरीस त्याला मिळालेल्या दहा गुणांनी साऱ्या घराचे पारडे फिरते. शत्रूशी लढणाऱ्यांचे पोवाडे सर्वच भाषांत आहेत. मित्रांना आडवे येणाऱ्याला गुण देणारे मुख्याध्यापक विरळा. पुढचे भाग मात्र जाडीने वाढत गेले आहेत आणि त्यांत युद्धाचा गोंगाट फार आहे, असे माझे मत आहे. नातीला ते मान्य नाही.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हे सारे लिहीत आहे ती सांगतो. चांदोबाने वेताळाच्या पंचवीस कथा संपल्यावर नव्या कथा रचून ती मालिका दशकानुदशके चालू ठेवली. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते, पण त्यामुळे आमच्या पिढ्यांचा राजा स्मशानात कधी पोहोचलाच नाही. प्रश्न आम्हाला तोंडपाठ, शेवट ठाऊक नाही. मूळ ग्रंथात चोविसावी कथा येते: वाळूत उमटलेली दोन स्त्रियांची पावले पाहून बाप आणि मुलगा, मोठे पाऊल बापाने वरायचे आणि लहान मुलाने, असा करार करतात, मोठे पाऊल मुलीचे निघते, लहान तिच्या आईचे. दोन्ही विवाह होतात, संतती होते. त्या मुलांचे परस्परांशी नाते काय? राजाला उत्तर सुचत नाही. तो गप्प चालत राहतो, आणि या खेपेस त्याचे मौन खरे असते. ज्याने चोवीस वेळा ज्ञानाची कसोटी घेतली तो वेताळ या प्रामाणिक अज्ञानाने प्रसन्न होतो आणि प्रथमच मित्राच्या भाषेत बोलतो: तो भिक्षू तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल व तुझा बळी देईल, तू म्हण, मी राजा, मला नमस्कार ठाऊक नाही, आधी तू घालून दाखव. राजा तसे करतो आणि वाकलेल्या भिक्षूचे मस्तक उडवितो. हे कपट झाले, असा आक्षेप माझा सोबती आजही घेतो; ज्या राजाला रात्रभर खोटे सुचले नाही त्याने मित्राच्या सांगण्यावरून सोंग आणावे, ही त्याला कथेची अधोगती वाटते. मी त्याला एवढेच दाखवितो, की नंतर वर मागताना राजाने राज्य मागितले नाही. या चोवीस कथा आणि ही पंचविसावी जगात प्रसिद्ध व्हाव्यात, एवढेच मागितले.

मुलांसाठी म्हणून निघालेल्या ज्या आवृत्त्या मी चाळल्या, त्यांतून बहुतेक वेळा हीच चोविसावी कथा अशोभनीय म्हणून गाळलेली आढळली आणि तिच्याबरोबर राजाचे मौनही गेले. मग वेताळ एकाएकी मित्र का झाला, हे वाचणाऱ्या पोराला कळावे कसे? ज्यांच्या घरी बारा-तेरा वर्षांचे मूल आहे त्यांना माझी विनंती आहे, की त्याला वेताळपंचविशीची पुरी प्रत मिळवून द्यावी. दुकानात प्रत हाती घेतली की प्रथम चोविसावी कथा उघडून पाहावी, आणि ती नसेल तर पुस्तक तिथेच परत करावे.